मधली एकोणीस वर्षं

मिशन ऑफ बर्मा नावाचा बँड 1979 मध्ये बॉस्टनला सुरू झाला, 1983 मध्ये बंद पडला, 2002 मध्ये परत उभा राहिला आणि मग पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालला. पण मला बऱ्याच दिवसांपासून त्यातल्या मधल्या एकोणीस वर्षांबद्दल लिहायचं होतं, कारण जिथे कुठे वाचावं तिथे ती वर्षं दोन ओळीत उडवलेली असतात, गिटारिस्टच्या कानाच्या त्रासामुळे बँड थांबला आणि लगेच पुढच्या वाक्यात पुनरागमन. माझे स्वतःचे कान 2019 पासून वाजतायत. त्या दोन वाक्यांच्या मधे काय काय असतं ते मला आता चांगलं माहिती आहे.

आधी सीडीची गोष्ट सांगते. डिसेंबर 2004, माझा मावसभाऊ बॉस्टनहून सुट्टीवर इंदूरला आला होता. बॅगेत सगळ्यांसाठी चॉकलेटं, बाबांना शेव्हिंग किट आणि माझ्यासाठी एक राइट केलेली सीडी, तिच्यावर काळ्या मार्करने नुसतं "बर्मा" लिहिलेलं. मी तेव्हा कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे, लोकमान्य नगरमध्ये एका मित्राच्या गॅरेजमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची, आणि दादाला ते माहिती होतं. बाबांनी सीडी हातात घेतली आणि म्हणाले बर्मा म्हणजे आपला ब्रह्मदेश ना? आमच्या घरात ब्रह्मदेश म्हणजे मंडाले, आणि मंडाले म्हणजे टिळक, सहा वर्षांचा तुरुंगवास, पेन्सिलीने लिहिलेलं गीतारहस्य, हे सगळं बाबांनी चहा संपेपर्यंत दादाला परत एकदा सांगितलं. मग दादाने सांगितलं की बँडचा बेसिस्ट क्लिंट कॉनली याने न्यूयॉर्कमध्ये बर्माच्या राजनैतिक कचेरीवरची पाटी बघितली होती, "मिशन ऑफ बर्मा", आणि ते शब्द त्याला आवडले, बस. बाबांना हे कारण अपुरं वाटलं. मला तेव्हाही आवडलं होतं आणि आजही आवडतं, रस्त्याने जाताना दिसलेली एक पाटी आणि तिच्यातून चाळीस वर्षं टिकलेलं नाव.

दादा स्वतः काही रॉकवाला नव्हता हं. तो मोहम्मद रफी आणि भावगीतं ऐकत मोठा झालेला मुलगा, 2001 ला एमएस करायला गेला आणि जानेवारी 2002 मध्ये त्याचा रूममेट त्याला ओढत एका शोला घेऊन गेला, कडाक्याची थंडी, हॉल खचाखच आणि समोर चाळिशी ओलांडलेले तीन लोक. दादा सांगत होता की गिटारवाल्याने डोक्यावर कानावरून असे मोठे हेडफोन घातले होते, गोळीबाराच्या रेंजवर घालतात तसे, आणि ड्रमच्या बाजूने काचेसारखी एक पारदर्शक भिंत उभी केलेली, आणि आवाज इतका की छातीत बसत होता. त्याला वाटलं हा काहीतरी स्टेजचा देखावा असेल. बाजूच्या माणसाने सांगितलं की नाही, त्याचे कान गेलेत, एकोणीस वर्षांनी वाजवतोय तो हे.

त्या रात्री आमच्या हॉलमधल्या कम्प्युटरवर सीडी लावली. दोन छोटे स्पीकर, आई आत झोपलेली म्हणून आवाज कमी. 1982 चा अल्बम होता, नाव "व्हर्सेस". तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मला वाटलं सीडीला चरे पडलेत, कारण गिटारचा एक सूर संपून गेल्यावर कुठूनतरी तोच सूर उलटा होऊन परत आला, म्हणजे आधी शेपूट आणि मग डोकं, असा. सीडी काढून शर्टाला पुसून परत लावली. परत तेच, त्याच जागी. तो मार्टिन स्वोप होता.

स्वोपबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण मला तरी या बँडमधली सगळ्यात सुंदर कल्पना ती वाटते. बँड चौघांचा, रॉजर मिलर गिटार, कॉनली बेस, पीटर प्रेस्कॉट ड्रम्स, तिघेही गाणार, आणि चौथा स्वोप जो स्टेजवर नसायचाच. तो मागे साउंड बोर्डपाशी एक टेप मशीन घेऊन बसायचा, मोठ्या चकत्यांचं जुन्या पद्धतीचं. स्टेजवरून जे वाजतंय त्यातला एखादा तुकडा तो तिथल्या तिथे टेपवर घ्यायचा, टेप उलटी फिरवायची, वेग कमी जास्त करायचा आणि ते परत त्याच गाण्यात सोडायचं. आज हे सगळं पायाखालच्या पेडलवर होतं पण तेव्हा माणूस हाताने करत होता, अंधारात, गाणं चालू असताना. लोकांना तिघेच दिसायचे आणि कान सांगायचे की इथे अजून कोणीतरी आहे. आमच्याकडे भजनात मागे बसलेला झांजवाला असतो ना, ज्याच्याकडे कोणी बघत नाही पण तो उठून गेला की सगळं भजन पोकळ वाटायला लागतं, तसं काहीसं.

यांच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात, म्हणजे पंक या रागीट, धडाधड वाजणाऱ्या रॉकच्या नंतरचं. ते म्हणजे काय असं मला कोणी विचारलं की मी व्याख्या सांगत बसत नाही, मी म्हणते पंकने दार तोडलं आणि हे लोक आत जाऊन बघायला लागले की आता या खोलीत काय काय करता येईल. पंकचा वेग आणि राग आहेच पण त्याबरोबर विचित्र ठिकाणी थांबणं आहे, बेस नुसता गिटारच्या मागे न चालता स्वतःची चाल घेऊन चालतो, आणि मिलर तर कॉम्पोझिशन शिकलेला, पियानो येणारा माणूस, त्याला गोंगाटात पण रचना दिसायची. मी बेस वाजवणारी असल्यामुळे माझं लक्ष कॉनलीकडे जास्त. कॉर्ड कुठला ते सांगून गप्प बसणारा बेस नाही तो, गाण्याची चाल कित्येकदा बेसमध्येच असते आणि गिटार तिच्या भोवती धूर करते. गॅरेजमध्ये मी तसं वाजवायचा प्रयत्न केला तर आमचा गिटारिस्ट म्हणाला, भिया तू अपनी लाइन में चल. पुढच्या वर्षी सगळे पुण्याला आणि बंगळूरला नोकरीला निघून गेले आणि आमचा बँड संपला. माझा बेस अजून आहे, कपाटाच्या वर.

बरं, करिअर. चार वर्षांत त्यांनी काय काढलं तर एक सिंगल 1980 मध्ये, सहा गाण्यांची एक ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, 1981 मध्ये ("सिग्नल्स, कॉल्स अँड मार्चेस"), आणि एक अल्बम. सगळं बॉस्टनच्याच एस ऑफ हार्ट्स या छोट्या लेबलवर, जे रिक हार्ट नावाचा माणूस चालवायचा, आणि तो रेकॉर्डिंगच्या बाबतीत अतिशय काटेकोर, एकेका आवाजावर वेळ घालवणारा. ईपीच्या पहिल्या 10,000 प्रती वर्षाच्या आत संपल्या, एका शहरातल्या लेबलसाठी हा फार मोठा आकडा होता. बॉस्टनमध्ये कॉलेज रेडिओवाले त्यांना वाजवायचे, तिथे त्यांचं नाव होतं, पण शहर सोडून बाहेर गेलं की तेव्हा अमेरिकेत असल्या बँडसाठी काहीच रस्ता नव्हता. आज ज्याला इंडी म्हणतात ती सगळी व्यवस्था, क्लब, छोटी लेबलं, मासिकं, एकमेकांच्या घरी झोपायची सोय, हे 1979 ते 1983 मध्ये नुकतं उभं राहत होतं आणि हे लोक त्या रस्त्यावर खडी टाकणाऱ्यांपैकी होते. डांबर पडलं तेव्हा ते घरी बसलेले होते. गाडीत सामान टाकून शेकडो किलोमीटर जायचं आणि समोर मूठभर माणसं. आपल्या इंदूरच्या हौशी मराठी नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही, पदरचे पैसे घालून नेपथ्य उभं करायचं, स्वतःच टेम्पोत भरायचं, स्वतःच उतरवायचं आणि प्रयोगाला अर्धा हॉल.

आणि ते फार मोठ्याने वाजवायचे. म्हणजे त्यांची ओळखच ती होती, क्लबमध्ये कान फाटेल असा आवाज. मिलरचे कान बँड सुरू व्हायच्या आधीपासूनच थोडे वाजत होते, आधीच्या बँडमधून आलेला त्रास, आणि या चार वर्षांत तो वाढतच गेला. शेवटी शेवटी तो कानात फोमचे बोळे आणि त्यावरून ते रेंजवाले हेडफोन असं दोन्ही घालून वाजवायचा, तरी भागेना. 1983 च्या सुरुवातीला त्याने सांगितलं की आता नाही. अल्बम येऊन जेमतेम काही महिने झाले होते, ज्या वेळी बाकीचे बँड म्हणतात की आता कुठे गाडी लागतेय त्या वेळी. एक शेवटचा दौरा केला, मार्चमध्ये बॉस्टनला निरोपाचे शो केले आणि बंद. त्या दौऱ्याचं रेकॉर्डिंग 1985 मध्ये लाइव्ह अल्बम म्हणून निघालं. दुसरा गिटारिस्ट आणून तेच नाव पुढे चालवणं सोपं होतं, दुनियाभर बँड तसंच करतात. यांनी नाही केलं.

इथे मला माझं सांगावं लागेल.

2014 पासून मी इंदूरच्या एका ढोल-ताशा पथकात होते. आपल्याकडे हे पथकाचं वेड पुण्याहून आलं आणि मराठी मोहल्ल्यांत बघता बघता पसरलं. पावसाळा लागला की मैदानावर सराव, रोज संध्याकाळी दोन तास, कमरेला ढोल बांधून टिपरू हातात घेतलं की दिवसभराचं ऑफिस अंगातून निघून जायचं, मी खोटं नाही सांगत, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात आनंदाची संध्याकाळ असायची. मी उभी राहायचे ते ताशांच्या बरोबर पाठीमागे. ढोलाचा आवाज पोटात जातो पण ताशा सरळ कानात जातो, बारीक काठ्या, कडक ताणलेलं पान, आवाज सुईसारखा. सहा वर्षं मी त्या सुईसमोर उभी राहिले. कान झाकायला पाहिजेत असं कोणी म्हटलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. एकदा एक मुलगा कापूस घालून आला तर पथकप्रमुखांनी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं की एवढं नाजूक असेल तर बासरी शिक.

2019 च्या अनंत चतुर्दशीला आम्ही दुपारपासून वाजवत होतो. रात्री मी नेहमीप्रमाणे मिलच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांचे चित्ररथ, बघायला गेले. आपल्या इंदूरच्या गिरण्या बंद होऊन कैक वर्षं झाली तरी झांक्या निघतात, अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं, त्या रात्री प्रत्येक झांकीबरोबर डीजे. पहाटे घरी आले, पंखा बंद केला आणि पंख्याचा आवाज थांबला पण एक आवाज थांबला नाही. डाव्या कानात बारीक शीळ. वाटलं सकाळी जाईल. दुसऱ्या दिवशी जाईल. पहिल्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि म्हणाले आठवड्यात जाईल, आणि गणपती झाल्यावर तर असे दहा पेशंट येतात.

दोन महिन्यांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. ज्यांनी केली नाहीये त्यांच्यासाठी सांगते. जाड दाराची एक छोटी खोली असते, आत भिंतींना फोम, एक खुर्ची, दार लावलं की बाहेरचं जग जातं आणि तुमची शीळ एकदम मोठी होते. हातात बटण देतात, हेडफोनमधून सूर येतात, ऐकू आला की दाबायचं. जाड सूर आले, दाबलं, दाबलं, दाबलं. मग बारीक सूर सुरू झाले आणि मला कळेना की हा मशीनचा सूर आहे की माझा. काचेपलीकडे ती ऑडिओलॉजिस्ट मुलगी माझ्याकडे बघतेय आणि माझा अंगठा बटणावर तसाच. बाहेर आल्यावर तिने कागद दाखवला, रेघ सरळ चालली होती आणि 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात पडून परत वर आली होती. ती म्हणाली हा खड्डा दिसला की आम्हाला विचारावंसुद्धा लागत नाही, हा आवाजाचाच असतो.

तिनेच नीट समजावलं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात साधारण 15,000 केसांसारख्या पेशी, त्या आवाजाने हलतात आणि मेंदूला कळवतात. फार मोठ्या आवाजाने त्या मोडतात, आणि पक्ष्यांमध्ये त्या परत उगवतात पण माणसात नाही उगवत. जिथून खबर येणं बंद झालं तिथे मेंदू स्वतःच आवाज भरतो, ती शीळ. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात, शब्द किती छान आहे आणि वस्तू किती वाईट. मग तिने एक हिशोब सांगितला जो मला तोंडपाठ झालाय: 85 डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. मी नंतर मैदानावर फोनच्या अ‍ॅपने मोजलं तर 106 दाखवलं. फोनवर किती विश्वास ठेवायचा तो ठेवा, पण 106 चा वेळ चार मिनिटांपेक्षा कमी येतो आणि आम्ही दोन तास वाजवत होतो.

पथक सोडलं. सोपं नव्हतं ते, पहिल्या वर्षी श्रावणात मैदानाच्या बाजूने जाताना मी स्कूटर दुसऱ्या गल्लीने न्यायचे. आणि त्याच दिवसांत, रात्री झोप लागायची नाही म्हणून, मी परत मिशन ऑफ बर्मा ऐकायला लागले, अगदी हळू आवाजात, आणि पहिल्यांदा माझं लक्ष या गोष्टीकडे गेलं की 1983 नंतर मिलरने केलं काय.

तो गप्प नाही बसला. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. त्याने आवाज कमी केला, संगीत नाही. स्वोप आणि तो दोघे बर्डसॉन्ग्ज ऑफ द मेसोझोइक नावाच्या ग्रुपमध्ये होते, तिथे मिलर पियानो आणि कीबोर्डवर, ड्रमसेटच नाही. मग त्याने एकट्याने इलेक्ट्रिक पियानोवर अल्बम केले, पियानोच्या तारांमध्ये वस्तू अडकवून वेगळेच आवाज काढत. पुढे अ‍ॅलॉय ऑर्केस्ट्रा या तिघांच्या चमूत तो होता, ते जुने मूकपट लावून समोर बसून लाइव्ह संगीत द्यायचे. म्हणजे जो माणूस इतक्या मोठ्याने वाजवायचा की त्याचे कान गेले तो मूकपटांना संगीत देत होता, वर्षानुवर्षं. प्रेस्कॉटने व्होल्कॅनो सन्स नावाचा बँड काढला आणि तो जोरातच वाजवत राहिला. स्वोप पुढे हवाईला राहायला गेला. आणि कॉनली, ज्याच्या बेसमागे मी वेडी होते, त्याने संगीत जवळपास सोडलं आणि बॉस्टनच्या टीव्ही चॅनेलवर प्रोड्युसर म्हणून नोकरी केली. साधी नोकरी, घर, संसार. हे वाचलं तेव्हा मी कपाटाच्या वर बघितलं होतं.

आणि या सगळ्या काळात त्यांची गाणी त्यांच्याशिवायच फिरत होती. आर.ई.एम. या गाजलेल्या अमेरिकन बँडने त्यांचं गाणं गायलं, 1996 मध्ये मोबी या संगीतकाराने एक गाणं रेकॉर्ड केलं, 2001 मध्ये अमेरिकन इंडी बँड्सवरच्या एका पुस्तकात त्यांच्यावर आख्खं प्रकरण आलं. त्यांना ऐकून बँड काढलेली पोरं मोठी झाली.

मी हे एकदा आईला सांगत होते, पोहे करता करता, आणि ती म्हणाली अगं मग हे आपल्या कुमारजींसारखंच झालं की. मला एवढी वर्षं हे सुचलं नव्हतं. इंदूरच्या मराठी घरात कुमार गंधर्व म्हणजे घरातलेच, देवास इथून तासाभराच्या अंतरावर, आईने त्यांना कितीदा समोर बसून ऐकलंय. 1948 मध्ये ते क्षयाने आजारी अवस्थेत देवासला आले, कोरड्या हवेसाठी, आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं. लहानपणापासून चमत्कार म्हणून गाजलेला गवई, वय चोवीस, आणि पाच-सहा वर्षं गायचं नाही. पडल्या पडल्या ते काय करत होते तर ऐकत होते, खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, लग्नाची, पावसाची. 1953 च्या सुमारास परत गायला लागले तेव्हा एक फुफ्फुस जवळपास निकामी, लांब दमसास गेलेला, आणि गाणं बदललेलं, छोटे छोटे तुकडे, एकदम उसळून येणारी तान आणि मग थांबणं, आणि त्यात माळवा. आई म्हणाली, लोक म्हणतात ते आजारी नसते पडले तर काय गायले असते, मी म्हणते पडले नसते तर हे गायले असते का? पोहे खाली लागले त्या दिवशी.

मला दोघांची तुलना नाही करायची, क्षय वेगळा, कान वेगळे, आणि कुमारजी कुमारजी आहेत. पण करिअर म्हणजे स्टेजवरची वर्षं आणि बाकी सगळी रिकामी जागा असं जे आपण धरून चालतो ते मला आता मान्य नाहीये. मिलरची मधली वर्षं काढून टाका आणि बघा 2004 चा अल्बम तसा होतो का.

कारण 2002 ला ते फक्त थोडेसे शो करायला एकत्र आले होते, न्यूयॉर्क आणि बॉस्टन, आणि लोटलेली गर्दी बघून थांबताच आलं नाही. स्वोप आला नाही, त्याच्या जागी मागे टेपवर बॉब वेस्टन, जो प्रेस्कॉटच्या व्होल्कॅनो सन्समध्ये होता आणि शेलॅक या बँडचा बेसिस्ट. जुन्या बँडचं पुनरागमन कसं असतं आपल्याला माहिती आहे, जुनी गाणी, जुने टीशर्ट, दोन दौरे. यांनी नवीन गाणी लिहिली. मॅटाडोर या इंडी लेबलवर 2004 मध्ये "ऑनऑफऑन", 2006 मध्ये "द ऑब्लिटेराटी", 2009 मध्ये अजून एक आणि 2012 मध्ये फायर रेकॉर्ड्सवर "अनसाउंड". मोजा, तरुणपणी एकच पूर्ण अल्बम आणि पन्नाशीच्या आगेमागे चार. आणि "द ऑब्लिटेराटी" माझ्या मते त्यांचा सगळ्यात भरीव अल्बम आहे, हो, "व्हर्सेस" पेक्षाही, त्यात घाई नाहीये पण ताकद तीच आहे. पहिला चालू, मधे बंद, परत चालू, "ऑनऑफऑन" या नावातच सगळं आहे. 2020 पर्यंत आपण थांबलोय हे त्यांनी सांगून टाकलं, या वेळी कुठला आजार नाही, निरोपाचा दौरा नाही, झालं आपलं काम म्हणून.

आणि आवाज? मोठाच होता. पण मिलरने कान झाकले, ड्रम आणि त्याच्या मधे ती पारदर्शक भिंत घातली, अ‍ॅम्प कुठे ठेवायचा, कोण कुठे उभं राहायचं, हे सगळं परत आखलं. दादाला जो देखावा वाटला होता तो हा होता. मी त्या शोचे व्हिडिओ बघते तेव्हा गाण्याच्या आधी मला ती भिंतच दिसते, एका माणसाचे कान वाचावेत म्हणून तीन लोकांनी आपलं स्टेज बदललं ती.

गेल्या वर्षी पथकात प्रमुख बदलले. नवीन प्रमुख माझ्याच बरोबरीची, आम्ही एकाच रांगेत ढोल वाजवायचो, तिने फोन करून विचारलं की तू परत येशील का. मी म्हटलं वाजवायला नाही येणार पण येते. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणले, साठ जोड्या, आणि सरावाच्या पहिल्या दिवशी मैदानाच्या कोपऱ्यात पिशवी घेऊन उभी राहिले. ते घालायची पद्धत असते, नुसतं खुपसून चालत नाही, बोटांत दाबून काडीसारखं बारीक करायचं, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं, वीस-तीस सेकंद. एकेकाला करून दाखवलं. निम्म्यांनी लगेच काढून टाकले. ताशाच्या रांगेला मैदानाच्या कडेला आणलं, म्हणजे त्यांच्या पुढे कोणाचा कान नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताशावाला एक मुलगा, सतरा वर्षांचा, बारावीत आहे, सराव संपल्यावर आला आणि म्हणाला ताई, हे घातल्यावर मला माझा ताशा वेगळा ऐकू येतो, आधी सगळं एकच व्हायचं. मी त्याला म्हटलं उद्या बाकीच्या ताशावाल्यांना हे तूच सांग. त्याने सांगितलं. यंदा जुलैपासून सराव आहे, ताशाच्या अकरा मुलांसाठी फोमवाले नाही तर संगीतवाल्यांचे फिल्टर असलेले घ्यायचे ठरलंय, ते महाग आहेत म्हणून वर्गणी काढतोय, आणि कपाटावरचा बेस मी खाली घेतलाय, तारा गंजल्यात, नवीन सेट जेल रोडवर मिळाला नाही तर मुंबईहून मागवीन.